गोळी बदला, काम नाही

आत्याला राग यायला कारण लागत नाही, असं कारखान्यातले लोक म्हणायचे. ते काही खरं नव्हतं. कारण तिलाही लागायचं, पण ते तिला इतरांच्या आधी सापडायचं.

ती तिथे कुणाची सख्खी आत्या नव्हती. तिचा भाचा काही काळ तिथे सुतारकाम शिकायला होता. तो तिला आत्या म्हणायचा, म्हणून मिस्त्री म्हणायला लागले, मग खुद्द मालकही. भाचा काम सोडून गेला, नातं मात्र मागे राहिलं. कारखाना फर्निचरचा. सुतारांनी टेबलं, कपाटं, खुर्च्या जोडून द्यायच्या आणि आत्याने त्यांना पॉलिश करायचं. मशीनने फवारायचं पॉलिश तिला मंजूर नव्हतं. तिचं काम जुन्या पद्धतीचं होतं, वडिलांकडून शिकलेलं. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये भिजत घालायचे, विरघळले की कापडात गुंडाळलेला कापसाचा बोळा त्यात बुडवायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं. एक हात वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. शेवटी लाकडात स्वतःचा चेहरा दिसायला लागायचा. कधीकधी तो बघवायचा नाही, पण तो दोष पॉलिशचा नव्हता.

कारण आत्या प्यायची. संध्याकाळी घरी, आपल्या खुर्चीत बसून, दार लावून. नवरा केव्हाच दुसरीकडे संसार थाटून बसला होता. घरात ती आणि तिची लेक, दोघीच. लेक चष्म्याच्या दुकानात काम करायची. लोकांच्या नाकाडांवर चष्मे नीट बसवताना ती फार गोड बोलायची आणि घरी आली की सगळा गोडवा संपलेला असायचा. आत्याची एकच घमेंड होती. कामावर तिने कधी थेंबाला हात लावला नाही. सकाळी डोकं ठणकत असायचं, डोळे सुजलेले असायचे, पण बोळा हातात घेतला की हात सरळ. हे ती स्वतःला सांगायची, लेकीला सांगायची, आणि कुणी विचारलं नसलं तरी सांगायची.

एका संध्याकाळी दूध गॅसवर ठेवून ती खुर्चीत कलंडली. दूध उतू गेलं, आटलं, पातेलं करपलं आणि खिडकीच्या पडद्याने पेट घेतला. लेक नेमकी तेव्हाच दारातून आत आली. तिने जळता पडदा हातांनी ओढून खाली पाडला. उजवा तळहात चांगलाच भाजला. आत्याला जाग आली तेव्हा लेक नळाखाली हात धरून उभी होती. ती रडत नव्हती, आणि आत्याला त्याचीच जास्त भीती वाटली.

"एक तर औषध घे," लेक पाठमोरीच म्हणाली, "नाहीतर मी वेगळी खोली बघते. तिसरं काही मला ऐकायचं नाही."

त्यामुळे आत्या दवाखान्यात गेली. गेली म्हणजे नेली गेली. डॉक्टरबाई वयाने तिच्याच जोडीच्या, आवाज बसलेला, बाहेर बाकांवर माणसं ताटकळलेली. त्यांनी रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली आणि गोळी समजावून सांगितली. ही गोळी पोटात असताना दारूचा घोट गेला तर तोंड लालभडक होईल, छाती धडधडेल, उलट्या होतील. जास्त गेली तर जिवावर बेतेल. खोकल्याची औषधं विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत. अत्तर, हात पुसायचं औषधी पाणी, सगळ्याला जपायचं. मग त्यांनी विचारलं, "कामाच्या ठिकाणी दारूशी काही संबंध येतो का?"

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कामावर? कामावर मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही! कुणालाही विचारा! माझ्या हातचं काम बघा आणि मग बोला!"

"अहो, तसं नाही, मला म्हणायचंय की..."

पण आत्या तोवर पिशवी उचलून दारात पोचली होती. पुढचा नंबर आत घुसला आणि ते वाक्य तिथेच अर्धवट राहिलं.

गोळी सुरू झाली. लेक सकाळी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची. आत्याने गोळी गिळायची, मग तोंड उघडून, जीभ वर करून दाखवायची. लहानपणी हिला औषध पाजताना मी नाक दाबायचे, आणि आता ही माझ्या जिभेखाली बघते, असं मनात येऊन आत्याचा दिवस रागानेच उजाडायचा. संध्याकाळी दुसरी परीक्षा. दारातच लेक म्हणायची, "फुंकर मार." आत्या फुंकर मारायची. त्या फुंकरीत जेवढा राग होता तेवढ्यावर दिवा विझला असता.

त्यात गोळीने आपले रंग दाखवायला सुरुवात केली. तोंडात सदा लोखंडी चव, जिभेवर कुणी किल्ली ठेवल्यासारखी. चहा पितानाही लोखंड, पाव खातानाही लोखंड. दुपारी अशी झोप यायची की उभ्याने डोळे मिटायचे. डोकं तर दारू प्यायल्यावर दुखायचं त्याहून जास्त दुखायचं.

"न पिता प्यायल्याची डोकेदुखी भोगतेय मी," ती मिस्त्रींना म्हणाली. "निदान आधी प्यायला तरी मिळायची."

मिस्त्री हसले. त्यांना सगळे मुके मिस्त्री म्हणायचे. मुके नव्हते, बोलायचा कंटाळा होता. त्यांचा रंधा चालायचा तेवढं तोंड चाललं असतं तर त्यांच्याशी बोलायला माणसांनी रांग लावली असती. त्यांचं टेबल आत्याच्या शेजारीच. दोघांची जागा अंगणातल्या पत्र्याखाली, तिथे वारा खेळता असल्यामुळे आत्याचा त्रास डोकेदुखीपुरताच होता. ही डोकेदुखी काम चालू असताना वाढायची, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही. सगळं खापर गोळीवर फुटत होतं आणि गोळी ती रोज गिळतच होती.

मग थंडी पडली. एका मोठ्या ऑफिसच्या बैठकीचं लांबलचक टेबल आलं. मालकांना त्यावर धुळीचा एक कणही बसलेला चालणार नव्हता. म्हणून ते आतल्या खोलीत ठेवलं, खिडक्या लावून घेतल्या, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. आत्या सकाळपासून एकटी आत. स्पिरिटचा वास खोलीत दाटत गेला. तिला त्या वासाचं काही वाटत नसे, लहानपणी वडिलांच्या शर्टाला तोच वास यायचा.

दुपार होण्याआधी तिचा चेहरा तापला. मान तापली, कान तापले. छातीत कुणी आतून धक्के मारत असल्यासारखं झालं. ती टेबलाला धरून उभी राहिली आणि लगेच तिला वाटलं, हात लागेल, डाग पडेल, म्हणून तिने हात काढला आणि खाली बसली. रांगत दार उघडलं. बाहेर भुशाचं पिंप होतं, त्यात ती ओकली, पुन्हा ओकली. सगळे सुतार हत्यारं टाकून बघत उभे. मुके मिस्त्री पाणी घेऊन आले.

मालकही आले. माणूस वाईट नव्हता. आत्याच्या कितीतरी सुजलेल्या सकाळी त्यांनी न बघितल्यासारख्या केल्या होत्या. पण आता त्यांच्या समोर लाल तोंडाची, लटपटती, स्पिरिटने घमघमणारी बाई भिंतीला टेकून बसली होती.

"आत्या," ते हळू आवाजात म्हणाले, "घरी प्यायचं ते घरी. मी कधी काही बोललो? पण इथे?"

"मी प्यायलेली नाही."

"आरशात बघा एकदा."

"आरसा घाला चुलीत! मी प्यायलेली नाही म्हणतेय ना!"

"वास येतोय, आत्या."

"पॉलिशचा वास आहे तो! तुमच्या कारखान्यात अत्तराचा येणार का?"

"वास सगळ्यांनाच येतो. पण सगळे ओकत नाहीत," मालक म्हणाले. मग इकडेतिकडे बघून, जरा खजील होऊन, "उद्या येऊ नका. मी कळवतो."

आत्याने सुतारांकडे पाहिलं. एकही तोंड उघडलं नाही. मुके मिस्त्री रिकामा पेला हातात फिरवत होते.

ती रिक्षाने घरी आली. छाती अजून धडधडत होती. संध्याकाळी लेक आली तेव्हा आत्या अंथरुणात होती, कामाच्या कपड्यांतच, केसांना, बाह्यांना स्पिरिटचा वास. लेकीच्या दुकानात कारखान्याच्या मालकांचा फोन गेला होता.

"फुंकर मार."

"नाही मारणार."

"आई, फुंकर मार."

"का मारू? तुला जे वास घ्यायचेत ते सगळे माझ्या कपड्यांना आहेत, घे! गोळीने झालंय हे, गोळीने! तुझ्या डॉक्टरबाईने विष दिलंय मला."

"गोळीवर प्यायलीस म्हणून झालं. असंच होणार, हे त्यांनी आपल्या दोघींसमोर सांगितलं होतं. तोंड लाल, धडधड, उलट्या. जसंच्या तसं झालं ना?"

"मी नाही प्यायले!"

"पडदा जळला तेव्हाही तू नव्हतीस प्यायलेली," लेक म्हणाली. "नुसता डोळा लागला होता, असं म्हणालीस. माझा हात नळाखाली होता आणि तू म्हणालीस डोळा लागला होता."

 आत्याचा राग दुप्पट झाला. तिने उशी भिरकावली. ती लेकीला न लागता भिंतीवरच्या घड्याळाला लागली आणि घड्याळ वाकडं झालं. लेकीने ते सरळही केलं नाही. ती आपल्या खोलीत गेली आणि कडी लावली.

आत्या तशीच उठली, चपला घातल्या आणि दारूच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिली. म्हणताच आहात ना प्यायली, तर पितेच आता! फुकटची बदनामी कशाला? निदान तिचा मोबदला तरी पदरात पडू दे. काउंटरवरच्या माणसाने ओळखीने मान हलवली, हातही नेहमीच्या बाटलीकडे गेला. आणि तिची छाती पुन्हा धडधडली. खरी की नुसती आठवणीने, हे तिला कळलं नाही. एवढ्या वासाने हे झालं तर घोटाने काय होईल? ती घाबरली. आपण घाबरलो हे लक्षात येताच इतकी चिडली की त्या माणसावरच ओरडली, "काय बघतोस? काही नकोय मला!" आणि ताडताड निघाली.

चार घरं पुढे गेल्यावर तिची पावलं मंदावली. वासाने? आपण आत्ता मनात वासाने म्हणालो?

सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच, कालच्याच कपड्यांत, ती दारात होती. सिस्टर नंबर द्यायला लागली तर तिला बाजूला सारून आत घुसली आणि गोळ्यांचं पाकीट टेबलावर आपटलं.

"न पिता ओकले मी! भर कारखान्यात! तोंड लाल, छाती धडधड, सगळं! आता सांगा, मी प्यायले का?"

डॉक्टरबाईंनी आधी तिचा हात धरून नाडी बघितली. मग रक्तदाब. आत्या बोलतच होती. अचानक डॉक्टरबाईंनी नाक वर केलं. "हा कसला वास?"

"पॉलिशचा. रोजचा आहे."

"पॉलिश म्हणजे? त्यात काय असतं?"

"लाख आणि स्पिरिट."

डॉक्टरबाईंनी रक्तदाबाचा पट्टा खाली ठेवला. त्यांचा बसलेला आवाज एकदम सुटला. "अहो बाई, स्पिरिट म्हणजे दारूच! प्यायची नसली म्हणून काय झालं? दिवसभर तुम्ही ती नाकाने ओढताय! मी विचारलं होतं तुम्हाला, कामाच्या ठिकाणी संबंध येतो का म्हणून!"

"तुम्ही विचारलं कामावर पिते का!"

"मी संबंध म्हणाले!"

"मला काय कळणार संबंध म्हणजे काय? सरळ विचारायचं ना, काय काम करता म्हणून!"

"तुम्ही थांबलात का विचारायला? पिशवी घेऊन पळालात!"

"आणि तुम्ही पुढचा नंबर घेतलात!"

बाहेरच्या बाकांवरची माणसं खोकायचीही थांबली होती. दोघी बाया टेबलाच्या दोन्ही बाजूंनी श्वास टाकत एकमेकींकडे बघत राहिल्या. मग डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या. "हो, घेतला," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला परत बोलवायला हवं होतं. ती चूक माझी."

आत्याची पुढची चार वाक्यं तयार होती. ती तोंडातच राहिली. चूक कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायची तिला सवय नव्हती.

"आता दोनच गोष्टी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एक तर हे काम सोडा, नाहीतर गोळी बदलू."

"गोळी बदला. काम नाही बदलणार."

"दुसऱ्या गोळीचाही त्रास आहे. मळमळ, चक्कर, अंगात त्राण नाही, असं सुरुवातीला होतं. आणि ती अशी धडकी भरवत नाही. प्यायलात तर ओकणार नाही, फक्त पिण्यातली गोडी जाते. सांभाळायचं तुमचं तुम्हालाच. आणि ही गोळी अंगातून जायला दोन आठवडे लागतात. तोवर स्पिरिटपाशी जायचं नाही, आणि प्यायचं तर नाहीच. मी तुमच्या मालकांना फोन करू का?"

"माझं तोंड काय गहाण पडलंय?"

तिथून ती थेट कारखान्यात गेली. मालकांना सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. मालकांनी दोनदा विचारलं, "म्हणजे नुसत्या वासाने?" मग म्हणाले, "माझं चुकलं, आत्या. माफ करा."

"माफी असू दे. आतल्या खोलीला वारा ओढणारा पंखा बसवा. गोळी असो नसो, तिथे माणूस गुदमरतो."

"बघू," मालक म्हणाले. बघायला त्यांनी उन्हाळा उजाडू दिला, पण पंखा बसला. ते दोन आठवडे आत्याने अंगणात नुसतं काचपेपर घासायचं काम केलं. नखांत लाकडाचा भुसा आणि तोंडात अजून तीच किल्ली.

त्या पहिल्याच दिवशी मुके मिस्त्री तिच्याजवळ येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "मला माहीत होतं, प्यायला नव्हतात."

आत्याचा हात थांबला. "काय माहीत होतं?"

"सकाळपासून मी दाराबाहेरच होतो. कोणी काही आणलं नाही, तुम्ही कुठे गेला नाहीत."

"मग बोलला का नाहीत?"

मिस्त्रींनी खांदे उडवले.

मालकावरचा राग, लेकीवरचा, डॉक्टरबाईंवरचा, हे सगळे राग एका पारड्यात घातले तरी हा जड भरला असता. "लेकीने खोटं मानलं, तिला कारण होतं," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि तिला ओळखणारे सुतार त्यामुळेच दचकले. "मालकाला डोळ्यांनी दिसलं तेच तो बोलला. तुम्हाला खरं ठाऊक होतं, मिस्त्री. पाणी कशाला आणलंत? पाण्यापेक्षा दोन शब्द स्वस्त होते." मिस्त्री मान खाली घालून गेले. आत्या त्यांच्याशी पुढे कामापुरतंच बोलली. तो राग तिने कधी सोडला नाही, आणि सोडावा असं तिला वाटलंही नाही.

लेकीचं प्रकरण वेगळं होतं. लेकीला डॉक्टरबाईंनी स्वतः समजावलं. ती घरी आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. मग तिचा स्वर चढला. "पण आई, मी ओळखायचं कसं? तू सांग ना. तू इतक्या वेळा आणि इतक्या सफाईने खोटं बोललीस! खरं बोलतानाही तू तशीच ओरडतेस, खोटं बोलतानाही तशीच. फरक काय असतो, एकदा सांग, मी त्यावरून ओळखेन."

आत्या कांदा चिरत होती. तिने सुरी ठेवली. फरक तिलाही माहीत नव्हता. "मला सध्या राग आलाय," ती शेवटी म्हणाली. "नंतर विचार."

"मलाही आलाय," लेक म्हणाली आणि उरलेला कांदा तिने चिरला.

दुसरी गोळी सुरू झाली आणि मळमळ सुरू झाली. सकाळी रिकाम्या पोटी घेतली तर पोट ढवळायचं, लाखेकडे बघितलं तरी उमासा यायचा. डॉक्टरबाईंनी काही दिवस अर्धीच घ्यायला सांगितली, तीही भरल्या पोटी. म्हणून आत्या सकाळी पोटभर जेवायला लागली. चक्कर यायची तेव्हा ती शिव्या देत बसून काम करायची. टेबलाचे पाय आधी करायची, वरचा भाग दुपारी. डोकं जड झालं की तांब्याभर पाणी. "ही गोळी म्हणजे सासू आहे," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. "पहिली मारायची, ही टोमणे मारते." डॉक्टरबाईंनी प्रत्येक वेळी सगळी गाऱ्हाणी ऐकून घेतली, मधे पुढचा नंबर न घेता. हळूहळू टोमणे कमी झाले. गेले नाहीत, पण त्यांची सवय झाली.

आणि मग एकदा ती प्यायली. कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. गिऱ्हाइकाने रंग आवडला नाही म्हणून कपाट परत पाठवलं, तिचं डोकं फिरलं आणि ती बाटली घेऊन घरी आली. एक पेला भरला, प्यायली. काहीच झालं नाही. धडधड नाही, उलटी नाही, पण ते जे आत सैल व्हायचं, तेही नाही. कोमट, कडू पाणी. तिने दुसरा पेला भरला, त्यातही ते नव्हतं. एवढा अपमान तिचा मालकानेही केला नव्हता. उरलेली बाटली तिने तावातावाने मोरीत ओतली.

लेक आली. आत्या खुर्चीतून उठली आणि तिने काही विचारायच्या आतच म्हणाली, "प्यायलेय मी. दोन पेले."

लेक दारातच थांबली. पिशवी खांद्यावर तशीच.

"आणि काही उपयोग झाला नाही," आत्या ओरडली. "बेचव झालीय मेली! तुझ्या डॉक्टरबाईने तेवढंही ठेवलं नाही मला!"

"मग प्यायलीस कशाला?" लेक तेवढ्याच जोरात ओरडली.

"राग आला होता म्हणून!"

"रोज येतो तुला राग! रोज पिणार का?"

"नाही पिणार! कसल्या चवीसाठी पिऊ?"

शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. दोघींनी एकदमच भिंतीकडे वळून "काय आहे?" म्हणून आवाज दिला आणि पलीकडे शांतता झाली. लेकीने पिशवी खाली ठेवली. आईच्या तोंडाजवळ ती गेली नाही. गॅसपाशी गेली, भाजीचं पातेलं उघडून बघितलं आणि म्हणाली, "मीठ घातलंयस का यात?"

"माहीत नाही. रागात होते."

लेकीने चमचाभर भाजी चाखली, मीठ घातलं आणि दोन ताटं काढली. दोघी जेवल्या. सकाळी आत्याने आपणहून गोळी घेतली, भरल्या पोटी, सांगितली होती तशी.